शेतात पाळ घालून तळं करायचंय? आधी नाला कोणाचा ते बघा

पाऊस उघडला की पारोळा, साक्री, अमळनेरकडून एकच विचारणा सुरू होते. शेताच्या उतारावर मातीची पाळ घालायची, पाणी अडवायचं, त्यात मासे सोडायचे, चार पाखरंही येतील. तर अर्ज कुठे करायचा?

याला उलटा प्रश्न विचारावा लागतो, आणि आमच्याकडची म्हातारी माणसं तो थेट विचारतात: नाला कोना शे? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, नाले, ओढे आणि त्यांतलं वाहतं पाणी, जे कोणाच्या मालकीचं सिद्ध होत नाही, ते शासनाचं. दोन्ही काठांना तुमचंच शेत असलं तरी गाव नकाशावर नाल्याची रेघ असेल तर त्यावरची पाळ ही तुमची खासगी गोष्ट राहत नाही. त्यासाठी जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे किंवा मृद व जलसंधारण विभागाकडे जावं लागतं, आणि तहसीलदारांकडेही. माझ्या मामेभावाने ही रेघ न बघता जेसीबी लावला. खालच्या शेतकऱ्याने तक्रार केली, पंचनामा झाला, आणि पाळ मामेभावालाच फोडावी लागली. खोदाईचे पैसे गेले ते वेगळेच.

म्हणून सोपा रस्ता म्हणजे स्वतःच्या गटात, नाल्यापासून बाजूला खोदलेलं शेततळं. शेतात पडलेलं पाणी आत घ्यायचं आणि उपसलेल्या मातीची पाळ चारही बाजूंनी घालायची. मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत याला जास्तीत जास्त ७५,००० रुपये अनुदान आहे. तळ्याचं मोठ्यात मोठं माप ३४ × ३४ × ३ मीटर. बाजूंना एकास एक उतार धरला तर त्यात सुमारे २,८९२ घनमीटर, म्हणजे जवळपास २९ लाख लीटर पाणी मावतं, आणि साडेअकरा गुंठे जमीन अडते. अनुदानापेक्षा जास्त खर्च झाला तर तो खिशातून. माप ठरवताना हे आधी घरात बोलून घ्या.

पात्रता फार कडक नाही. खान्देशात अर्जदाराच्या नावावर किमान ०.४० हेक्टर जमीन हवी, वरची मर्यादा नाही. जागा तांत्रिकदृष्ट्या योग्य ठरली पाहिजे. आणि याआधी कुठल्याही शासकीय योजनेतून शेततळ्याचं अनुदान घेतलेलं नसावं. सामायिक खाते असेल तर सहहिस्सेदारांची संमती आधीच लिहून घ्या. अर्ज भरताना भाऊ गावात नसतो, हा आमच्याकडचा जुना अनुभव.

अर्ज महाडीबीटी पोर्टलवर, घरून किंवा सेवा केंद्रातून. शुल्क २३ रुपये ६० पैसे. शेतकरी ओळख क्रमांक आता लागतोच, तो नसेल तर पुढचं पानच उघडत नाही. बाकी सातबारा, आठ-अ, आधारला जोडलेलं बँक खातं, आणि अनुसूचित जाती-जमातीत असाल तर जातीचा दाखला. सातबारा ताजा काढा. नावातल्या एका काना-मात्रेवरून अर्ज अडकतो, म्हणून आधार, सातबारा आणि पासबुक एका टेबलावर ठेवून अक्षर-अक्षर जुळवा.

निवड झाली की मोबाईलवर संदेश येतो, कागदपत्रं चढवायची, जागेची पाहणी होते, मग पूर्वसंमती मिळते. पूर्वसंमतीच्या आधी एक फावडंही मारू नका. हंगाम जातोय म्हणून घाईने खोदलेलं तळं अनुदानात बसत नाही. काम झालं की मोजमाप आणि जागेवरचा फोटो होतो, आणि पैसे थेट खात्यात येतात. नंतर तळ्याची नोंद सातबाऱ्यावर चढवून घ्या, काठाला कुंपण आणि सूचनेचा फलक लावा. उपसलेली माती गटाबाहेर विकायची असेल तर ते गौण खनिज होतं, तहसीलच्या परवानगीशिवाय ट्रॅक्टर हलवू नका.

पाळ कशाची, हे अर्जात कोणी विचारत नाही, पण तळं टिकणार की नाही हे तिथेच ठरतं. आपल्या तापी-पांझराकाठच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नुसत्या काळ्या मातीची पाळ पहिल्या पावसातच पाझरते. गाभ्यात चिकणमाती थराथराने, पाणी मारून, दाबून घ्यायची, बाहेरून मुरूम. सांडवा ठेवाच. भरलेलं तळं पाळेवरून वाहिलं तर पाळ राहत नाही.

मासे सोडायला, तळं स्वतःचं असल्याने ठेका लागत नाही. ठेका शासकीय तलावांचा असतो. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, हेक्टरी ५,००० ते १०,००० सोडतात, म्हणजे वरच्या मापाच्या तळ्यात साधारण ६०० ते १,१००. थाई मागूर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, त्याच्या पालनावर बंदी आहे. मोठं मत्स्यतळं करायचं असेल तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेची चौकशी करा: सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. एकाच खोदकामावर दोन्हीकडून पैसे मागू नका.

पाणी आलं की पाणकावळे, बगळे, मोर आणि कासवं आपसूक येतात. पाणकावळा मासे नेतो म्हणून फास लावणं किंवा कासव पकडून ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. यावल किंवा अनेर अभयारण्याला लागून शेत असेल तर खोदण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. आणि तळ्याला प्लॅस्टिकचं अस्तर घालत असाल तर एका कोपऱ्यात गोणपाटाची पायरी किंवा गाठी मारलेला दोर सोडा. गुळगुळीत कडेवरून घसरलेलं रानमांजर किंवा कोल्हा बाहेर निघूच शकत नाही. सकाळी मेलेलं जनावर बाहेर काढताना मला ते कळलं, तेव्हापासून आमच्या तळ्यात दोन दोर आहेत.