वाटेत मोडली, की आधीच झिजलेली होती?

स्टीलच्या फ्रेमची एक जुनी निळी टूरिंग सायकल मी पार्सलने मागवली होती. खोका उघडला, बबल रॅप सोडवला आणि वरच्या आडव्या नळीवर अंगठ्याएवढा पोचा दिसला. विकणाऱ्याने पाठवलेल्या फोटोंत तो नव्हता. मी त्याच संध्याकाळी त्यांना लिहिलं की तुम्ही पोचा लपवून फोटो काढलेत. दोन दिवसांनी खोका मोडून ठेवताना तो उलटा केला, तर तळातून निळ्या रंगाचे तीन-चार टवके खाली पडले. नखाएवढे पातळ, एका बाजूने निळे आणि दुसऱ्या बाजूने राखाडी, प्रायमरसकट. रंग खोक्याच्या आत उडाला होता. पोचा आधीचा असता तर हे टवके कधीच कुठेतरी रस्त्यावर पडून गेले असते. मी चांगल्या माणसावर खोटेपणाचा आरोप केला होता. फोन करून माफी मागितली, आणि तेव्हापासून हा फरक ओळखायला नीट शिकलो.

नवी सायकल मोडून आली तर वाद फारसा होत नाही, कारण ती निघाली तेव्हा कोरी होती हे सगळ्यांना ठाऊक असतं. जुन्या सायकलीच्या अंगावर आधीच शंभर खुणा असतात. त्यांत वाटेत पडलेली एकशे एकावी खूण मिसळून जाते. ती वेगळी काढता आली पाहिजे, कारण आधीची झीज किंवा मार सांगणं हे विकणाऱ्याचं काम आणि वाटेतल्या मोडीची भरपाई मागायची ती वाहतूक करणाऱ्याकडे. चुकीच्या दारात तक्रार घेऊन गेलं तर योग्य दारातली मुदत निघून जाते.

सर्वांत आधी खुणेची जागा बघावी. चालवताना सायकल पडते तेव्हा ती एका कुशीवर आडवी होते आणि त्या बाजूला जे जे बाहेर आलेलं असेल ते सगळं जमिनीला घासतं: ब्रेक लिव्हरचं टोक, हँडलची कड, पायडलची बाहेरची बाजू, सीटचा कोपरा, उजवीकडे पडली असेल तर मागचा डिरेल्युअर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग. खुणांची ही माळ एकाच बाजूला असते आणि ओरखडेही साधारण एकाच दिशेने जातात. खोक्यात अशी माळ तयार होऊच शकत नाही. तिथे पायडलं काढलेली असतात, सीट काढलेली किंवा पार खाली बसवलेली असते, हँडल वळवून फ्रेमला बांधलेलं असतं. खोक्यातला मार एकाच जागी बसतो आणि त्याची जोडखूण समोरच्या पुठ्ठ्यावर किंवा शेजारच्या भागावर सापडते. माझ्या निळ्या सायकलीचा पोचा बरोबर तिथे होता जिथे बांधलेल्या हँडलच्या ब्रेक लिव्हरचं टोक टेकत होतं. लिव्हरच्या टोकावर थोडा निळा रंगही लागलेला होता. पहिल्या दिवशी मी तिकडे पाहिलंच नाही.

याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे हँगर, मागचा डिरेल्युअर ज्याला लटकतो तो लहानसा तुकडा. अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन फ्रेमवर तो मुद्दाम मऊ धातूचा आणि बदलता येण्यासारखा केलेला असतो, म्हणजे मार लागला तर तो वाकेल आणि फ्रेम वाचेल. पार्सलने आलेल्या सायकलीचा हँगर चाकाच्या दिशेने आत वाकलेला असणं फार सामान्य आहे. आता डिरेल्युअरची बाहेरची बाजू बघा. त्यावर खरवडल्यासारखे ओरखडे असतील आणि उजव्या पायडलवर, उजव्या हँडलच्या टोकावरही तसेच असतील, तर सायकल कधीतरी उजव्या कुशीवर पडलेली आहे. डिरेल्युअर स्वच्छ असेल पण त्या जागी खोका आत दबलेला असेल किंवा पुठ्ठ्याला भोक असेल, तर वाटेत कुणीतरी खोका उजव्या बाजूवर आपटला आहे. दोन्ही असेल, तर प्रामाणिकपणे दोन्ही लिहावं. हँगरचे आकार फ्रेमगणिक निराळे असत. सायकलीचे भाग बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये यूडीएच नावाचा सामाईक आकार आणल्यावर बऱ्याच नव्या फ्रेमसाठी तो सहज मिळू लागला, पण जुन्या सायकलीचा हँगर शोधायला आजही वेळ लागतो. म्हणून विकणाऱ्याने एक जादा हँगर सोबत दिला तर ती मोठी माया समजावी.

जागेनंतर कड. रंगाचा टवका नुकताच उडाला असेल तर त्याची कड धारदार लागते, नख अडकतं, आणि खालचा धातू स्वच्छ दिसतो. जुन्या टवक्याची कड धुण्या-पुसण्याने गोल झालेली असते आणि तिच्यात मळाची काळी बारीक रेघ बसलेली असते. नुसत्या गंजावर मात्र जाऊ नये. दमट हवेत उघड्या स्टीलवर तांबूस झाक एक-दोन दिवसांत येऊ शकते. पण गंज रंगाच्या खाली शिरून बाजूला फुगवटे आले असतील तर ते चार दिवसांचं काम नव्हे. अ‍ॅल्युमिनियमला तांबडा गंज येतच नाही. त्याची ताजी जखम चकचकीत असते, जुनी मंद राखाडी होते. हे सगळं पुसण्याआधी बघायचं. सायकल हातात आली की फडकं घेऊन बसायची आपली सवय असते, आणि त्या फडक्याबरोबर पुरावाही जातो.

घासल्याच्या खुणा सगळ्यांत जास्त फसवतात. गाडीत तासन्‌तास खोका थरथरत असतो. नळीला नळी किंवा चाकाच्या अ‍ॅक्सलचं टोक नुसतं टेकलेलं असलं तरी तेवढ्याने रंग जाऊन गुळगुळीत चट्टा पडतो. ब्रेक-गिअरच्या केबल्सही फ्रेमवर अगदी असेच चट्टे पाडतात, पण वर्षानुवर्षांच्या वापराने. सायकल जोडून हँडल सरळ केलं की केबल नेमकी त्या चट्ट्यावर येऊन बसली, तर ती जुनी झीज. चालवताना जिथे काहीच टेकू शकत नाही अशा ठिकाणी चट्टा असेल, तर तो खोक्यातला.

काही गोष्टी वाहतुकीने होतच नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी वाहतूकदाराशी भांडण्यात अर्थ नाही. चेन लांबणं हे त्यांतलं पहिलं. चेनच्या एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर १२.७ मिमी असतं, म्हणजे २४ अंतरांचे ३०४.८ मिमी. एवढ्या लांबीत दीड मिमी वाढ आढळली तर झीज ०.५ टक्क्याच्या आसपास आहे. ११-१२ गिअरच्या चेन तेवढ्यावरच बदलतात, जुन्या पद्धतीच्या ०.७५ टक्क्यापर्यंत चालवतात. रिमवर ब्रेक घासणारी बाजू बोट फिरवल्यावर खोलगट लागली, तर तीही झीज. हँडल फिरवताना बरोबर मधोमध कट्‌कन अडकत असेल, तर हेडसेटच्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या, वाट्यांत छर्ऱ्यांनी खळगे पाडले आहेत, आणि ते सरळ रेषेत खूप चालवल्याने पडतात. चाकाचं तसं सोपं नाही. जुनं चाक आऊट असतं तेव्हा स्पोकचे ताण ठिकठिकाणी कमी-जास्त असतात आणि चाक संथ डुलतं. मार लागलेल्या चाकात एकाच जागी रिमची एकदम उडी दिसते, किंवा रिमच्या कडेला तिथेच ठेचल्याची खूण असते.

आणि काही वेळा ना झीज असते ना मोड. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकचं तसंच होतं. चाक काढलेलं असताना ब्रेकच्या पॅडांच्या मध्ये स्पेसर, म्हणजे अंतर राखणारा तुकडा, घातला नाही आणि वाटेत ब्रेक लिव्हर दाबला गेला, तर पिस्टन बाहेर सरकतात आणि पॅड एकमेकांना चिकटतात. घरी आल्यावर डिस्क आत जातच नाही आणि माणूस घाबरतो. टायर काढायच्या प्लास्टिकच्या लिव्हरने पॅड हळूच मागे सारले की बहुतेक वेळा काम होतं. पायडलचं उलटं आहे: तिथे नुकसान घेणाराच करतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. एल आणि आर न बघता जोर लावला तर क्रँकचे, म्हणजे पायडल ज्यात बसतं त्या दांड्याचे, आटे उडतात आणि अ‍ॅल्युमिनियमचे ताजे चमकते कण भोकात राहतात. त्या कणांकडे बघून विकणाऱ्याला दोष देणं अन्याय आहे.

कार्बन फ्रेमबद्दल मात्र सावकाशीनेच बोललं पाहिजे, कारण तिथे चुकलं तर माणसाच्या जिवावर येतं. धातू वाकून आपली जखम दाखवतो, कार्बन आत फुटूनही वरून नीट दिसू शकतो. त्यात वरच्या पारदर्शक थराला गेलेली केसासारखी रेघ आणि तंतूंपर्यंत गेलेला तडा या दोन गोष्टी पहिल्या नजरेला एकच वाटतात. कापसाचा बोळा त्या रेघेवरून हलकेच फिरवावा. उघडे पडलेले तंतू कापूस धरून ठेवतात. अंगठ्याने दाबल्यावर तिथला भाग आत-बाहेर होतो का, कर्रकर्र वाजतो का ते बघावं. नाण्याने आजूबाजूला टकटक करत यावं. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, थर सुटलेल्या जागी बसका. पण नळीची जाडीच ठिकठिकाणी बदलते, तेव्हा नुसत्या आवाजावर विश्वास ठेवू नये. आवाज खणखणीत आला म्हणून फ्रेम सुरक्षित ठरत नाही. शंका राहिली तर अल्ट्रासाउंडने तपासणाऱ्या माणसाकडे जाईपर्यंत त्या सायकलीवर बसू नये, विकणारा कितीही शपथा घेवो. दुरुस्तीच्या स्टँडमध्ये नळी आवळूनही कार्बन चिरडतो, आणि ते पॅकिंगच्या दिवशीही होऊ शकतं. नळीवर समोरासमोर दोन दाबखुणा दिसल्या तर खोका कुणी आपटलेला नाही, कुणीतरी क्लॅम्प आवळलेला आहे.

वाटेत मोडलं हे सिद्ध झालं तरी भरपाई मिळेलच असं नाही. वाहतूकदार विचारतो की पॅकिंग पुरेसं होतं का. माझ्या निळ्या सायकलीचा दावा तिथेच अडला, कारण लिव्हर आणि नळी यांच्यामध्ये फोमचा तुकडा नव्हता. विकणारे आणि मी ते नुकसान अर्धं-अर्धं वाटून घेतलं. दोघांनाही ते पटलं. घोषित किंमत म्हणजे विमा, हाही एक सर्रास गैरसमज. बहुतेक ठिकाणी घोषित किंमत म्हणजे वाहतूकदार जास्तीत जास्त कितीपर्यंत जबाबदार राहील त्याची मर्यादा असते, आणि ती मिळवायला त्याची चूक ठरावी लागते.

मुदत तर फारच थोडी असते. आंतरराष्ट्रीय रस्तेवाहतुकीसाठी १९५६ मध्ये झालेल्या सीएमआर करारात वरून दिसणारं नुकसान माल घेतानाच कळवायचं असतं आणि न दिसणारं ७ दिवसांत, रविवार आणि सुट्ट्या सोडून. पोस्टाच्या पार्सलांना तो करार लागू नाही, तिथे पोस्टाचे आपले नियम चालतात. पण दिसणारं तिथल्या तिथे आणि लपलेलं थोड्या दिवसांत, ही रीत बऱ्याच ठिकाणी सारखीच. म्हणून खोक्याला भोक किंवा दबलेला कोपरा दिसला की सही करताना शेजारी तेवढं लिहावं: ‘उजवीकडे खाली भोक’. ‘तपासणी बाकी’ असं मोघम लिहून उपयोग नाही. न उघडलेल्या खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो घ्यावेत आणि प्रश्न मिटेपर्यंत खोका, फोम, पट्ट्या काहीच फेकू नये. तपासायला माणूस आला तर तो सायकलीआधी खोका बघायला मागतो.

विकणाऱ्याच्या हातात यापेक्षा जास्त आहे. मागचा डिरेल्युअर हँगरवरून सोडवून फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत बांधावा. डिस्क काढून वेगळ्या पुठ्ठ्यात ठेवाव्यात. पुढचं चाक काढल्यावर रिकाम्या चिमट्याच्या दोन टोकांमध्ये त्याच मापाचा स्पेसर घालावा, बहुतेक सायकलींना तो १०० मिमीचा लागतो. नाहीतर खोका आडवा ठेवून वर ओझं चढलं की टोकं आत दबतात. अ‍ॅक्सलच्या टोकांना टोप्या घालाव्यात. चेनव्हीलच्या दात्यांखाली जाड पुठ्ठ्याची दुहेरी पट्टी द्यावी, कारण खोका उभा आपटला की दाते तळ कापून बाहेर येतात, आणि त्याच फटीतून नट-वायसर गळून जातात. ते एका पिशवीत घालून पिशवी फ्रेमलाच बांधावी.

मग फोटो. सुंदर फोटोंनी सायकल विकली जाते, वाद मिटवायला लागतात ते कुरूप फोटो: प्रत्येक टवक्याचा जवळून, शेजारी पट्टी ठेवून, बॉटम ब्रॅकेटखालच्या, म्हणजे क्रँक जिथे फिरतात त्या जोडाखालच्या, फ्रेमच्या नंबरासकट. एक मागून, मागच्या चाकाच्या रेषेत डोळा ठेवून, म्हणजे हँगर सरळ होता हे दिसतं. एक खोका बंद करण्याच्या क्षणाचा, आतला फोम दिसेल असा. आणि हँडल सोडवण्याआधी स्टेमखालच्या, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्याखालच्या, रिंगा कोणत्या क्रमाने आहेत त्याचा एक, कारण घेणाऱ्याने त्या उलटसुलट बसवल्या किंवा एखादी राहून गेली की हँडल ढिलं वाजतं आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो की हेडसेट वाटेत गेला.