गोव्याची आर्थिक नाकेबंदी (१९५४–१९६१)

पोर्तुगीज अमलाखालील गोवा, दमण व दीव यांच्याशी चालणारा व्यापार, प्रवास आणि पैशांची देवघेव भारत सरकारने १९५४ पासून टप्प्याटप्प्याने तोडत नेली. या उपायाला गोव्याची आर्थिक नाकेबंदी म्हणतात. सैन्य न घालता लिस्बन सरकारला वाटाघाटीला बसवावे, हा तिचा उद्देश होता. लिस्बन बसले नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तो लष्करी कारवाईनेच. मधल्या सात वर्षांत नाकेबंदीची झळ पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीपेक्षा मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर चूल पेटणाऱ्या घरांना अधिक बसली.

गोव्याची तेव्हाची लोकसंख्या सहा लाखांच्या आत होती. तिथे पिकणारा तांदूळ वर्षभर पुरत नसे. भाजीपाला, गुरे आणि कापड घाटावरून, मुख्यतः बेळगावकडून येई. मुरगावहून निघालेली मीटरगेज गाडी कुळे, दूधसागरमार्गे कॅसलरॉकला भारतीय रेल्वेला मिळत असे आणि १८८८ पासून हीच गोव्याची देशाशी जोडणारी नाळ होती. निर्यातीपेक्षा आयात कायम जास्त. ही तूट भरून निघे ती परमुलखात राबणाऱ्या गोवेकरांच्या पैशाने. बोटींवरचे खलाशी, आचारी, बँडवाले, शिक्षक, कारकून असे हजारो गोवेकर मुंबईत राहत. धोबीतलाव, गिरगाव भागात गावागावाच्या नावाने चालणाऱ्या ‘कुडी’ त्यांचा आसरा असत.

निर्बंधांची सुरुवात १९५४ मध्ये झाली. प्रवासाला परवाना लागू झाला, आणि भारतीय गोदी कामगारांच्या संघटनांनी पोर्तुगीज वसाहतींच्या मालाला हात लावण्याचे नाकारले. त्याच वर्षी दादरा आणि नगरहवेली मुक्त झाले. पुढच्या वर्षी महाराष्ट्रातून सत्याग्रहींच्या तुकड्या गोव्यात शिरू लागल्या. मे महिन्यातील तुकडीत ना. ग. गोरे आणि सेनापती बापट होते. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हद्द ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला, त्यात वीसहून अधिक जण ठार झाले. देशभर संताप उसळला. भारताने हद्द जवळपास बंद केली, रेल्वे थांबली आणि १ सप्टेंबरपासून गोव्यातील भारतीय वाणिज्य दूतावासही मिटला. पंडित नेहरूंना बळाचा वापर नको होता आणि स्वस्थ बसणेही शक्य नव्हते. या दोहोंच्या मध्ये जे उरले, ते म्हणजे नाकेबंदी.

सर्वांत खोल घाव मनीऑर्डरीवर बसला. गोव्याला पैसे पाठवण्यावर बंधने आली, तेव्हा गोव्याच्या बार्देश-सासष्टी तालुक्यांतल्या गावांत म्हाताऱ्या आईबापांचा आणि बायकामुलांचा महिन्याचा आधारच डळमळला. मुलगा मुंबईत कमावता आणि घरी मात्र उधारी, असा हा पेच. हे लोक पोर्तुगीजांचे पाठीराखे नव्हते, त्यांचे शत्रूही नव्हते; बहुतेकांना आपापले बिऱ्हाड सांभाळायचे होते. तरीही हिशेब त्यांच्याच दारात येऊन थांबला.

उत्तरेकडे पेडणे, डिचोली, सत्तरी आणि पलीकडे बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग या पट्ट्यात हद्द म्हणजे कागदावरची रेघ होती. भाषा एक, सोयरिकी एकमेकांत, आठवड्याचा बाजारही सामायिक. माहेरी जायला परवाना लागतो ही कल्पना तिथे कुणाच्या स्वप्नातही नव्हती. मंगेशी, शांतादुर्गा ही महाराष्ट्रातल्या कित्येक घराण्यांची कुलदैवते गोव्यात. त्यांच्यासाठी देवदर्शनही अवघड झाले. दमण आणि दीव तर गोव्यापासूनही तुटले, कारण त्यांचा खुष्कीचा रस्ता भारतातूनच जात होता.

पोर्तुगीजांनी याला उत्तर दिले ते समुद्र आणि आकाश वापरून. १९५५ मध्ये दाबोळीला विमानतळ उभा राहिला, स्वतंत्र विमान कंपनी निघाली आणि कराचीकडे उड्डाणे सुरू झाली. तांदूळ व भाजी पाकिस्तानातून, चहा सिलोनमधून, सिमेंट जपानमधून आणि बटाटे थेट नेदरलँड्समधून येऊ लागले. मराठीला बटाटा हा शब्द पोर्तुगीजांनीच दिला. आता त्यांच्याच गोव्यात बेळगावचा बटाटा सोडून हॉलंडचा शिजू लागला. उपासमार झाली नाही, पण दूरच्या बंदरांतून येणाऱ्या अन्नाला भाडे पडते आणि बोटीच्या वेळापत्रकावर भाजीवाल्याची टोपली चालत नाही.

नाकेबंदीने गोवा दिवाळखोर होईल हा अंदाज फसला, त्याचे मुख्य कारण लोहखनिज. १९५० च्या सुमारास किरकोळ असलेली निर्यात दशकाअखेर वर्षाला पन्नास लाख टनांपलीकडे गेली. जपान हा मोठा गिऱ्हाईक. डिचोली, सांगे भागातल्या डोंगरांतून निघालेले खनिज बार्जेसमध्ये भरून मांडवी-झुआरीने मुरगावला जाई. खाणमालक आणि वाहतूकदार गबर झाले. शेतातले मजूर रोजीसाठी खाणीवर गेले, आणि धान्याची तूट असलेल्या मुलखात शेतीला माणूस मिळेना. आयात करही हलका असल्याने पणजी-मडगावच्या दुकानांत परदेशी घड्याळे, मद्य, नायलॉनचे कापड भरपूर दिसे. हद्दीवर उलटा प्रवाहही वाहू लागला: सोने आणि घड्याळे चोरवाटांनी भारतात येत. परवान्याअभावी लेकीला भेटता न येणारी आई आणि त्याच जंगलातून रात्री सोने नेणारा, दोघांचीही हद्द तीच होती.

राजकीयदृष्ट्या नाकेबंदीने सालाझारला एक सोय करून दिली. भारत गोवेकरांना उपाशी मारतो, हा प्रचार पोर्तुगीज जगभर करू शकले. दुसरीकडे, नाकेबंदी नसती तर भारताला लष्करी कारवाई जगापुढे मांडणे अधिक कठीण गेले असते, असे म्हणायला जागा आहे. सात वर्षे इतर मार्ग चोखाळून पाहिले, हे दाखवता आले. पण हा लाभ दिल्लीचा होता, बार्देशमधल्या पोस्टमनची वाट पाहणाऱ्यांचा नव्हे. १९६१ नंतर हद्द उघडली, कॅसलरॉकची गाडी पुन्हा धावू लागली आणि बेळगावचा भाजीपाला मापुशाच्या शुक्रवारच्या बाजारात परत आला.