वॉर्डात सुचलेलं कारखान्यात पोहोचतं कसं?

२०२१च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या लाटेत, ऑक्सिजनसाठी माणसं कशी वणवण फिरत होती, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. त्याच महिन्याच्या अखेरीस डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेतर्फे देशभर ५०० ऑक्सिजन प्लांट उभारण्याची घोषणा झाली. डीआरडीओच्या तंत्रावरच्या एका प्लांटची क्षमता मिनिटाला १००० लिटर होती. हे तंत्र मुळात रुग्णालयासाठी नव्हतंच. तेजस लढाऊ विमानाच्या वैमानिकाला उंचावर श्वास घेता यावा म्हणून ते विकसित झालं होतं. हवेतला नायट्रोजन झिओलाइट या सच्छिद्र खनिजाच्या कणांत अडकवायचा आणि उरलेला ऑक्सिजन पुढे सोडायचा, एवढंच त्याचं सूत्र. विमानातली ही गोष्ट काही महिन्यांत रुग्णालयांच्या आवारात आली, कारण तिचं कागदोपत्री हस्तांतरण आधीच झालेलं होतं. टाटा ॲडव्हान्स्ड सिस्टिम्सला ३३२ आणि कोइमतूरच्या ट्रायडंट न्यूमॅटिक्सला ४८ प्लांटचं काम मिळालं. उरलेले १२० डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेबरोबर काम करणाऱ्या उद्योगांकडे गेले. शोध कुणाचा, बनवणार कोण, नकाशे कोणत्या अटींवर द्यायचे, हे ठरवायला त्या दिवसांत बसावं लागलं असतं, तर पावसाळा उलटून गेला असता.

हे ठरवणारा जो मधला दुवा, त्याला तंत्रज्ञान हस्तांतरण संस्था म्हणतात. नाव जड आहे, पण सोलापूरच्या मार्केट यार्डात वाढलेल्या माणसाला काम लगेच समजेल. कांदा पिकवणारा एक, खाणारा दुसरा, आणि मध्ये माल पारखणारा, भाव ठरवणारा, पट्टी करून देणारा अडत्या. शोधाच्या बाबतीत हाच मधला माणूस पेटंटचा अर्ज करतो, कारखानदार शोधतो, परवान्याच्या अटी लिहितो आणि रॉयल्टीचा, म्हणजे विक्रीतून मालकाला मिळणाऱ्या वाट्याचा, हिशेब ठेवतो. फरक एवढाच की कांदा एकदाच विकला जातो. शोध मात्र मालकाकडे राहूनही दहा जणांना वापरायला देता येतो, आणि म्हणून अटी नीट लिहिणं हेच यातलं खरं कौशल्य.

आरोग्याच्या क्षेत्रात या कौशल्याचा पहिला मोठा धडा मिळाला तो इन्सुलिनच्या निमित्ताने. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटो जनरल हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. पुढच्या वर्षी बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप या संशोधकांनी इन्सुलिनचं अमेरिकन पेटंट प्रत्येकी एका डॉलरला टोरांटो विद्यापीठाला देऊन टाकलं. ही उदारतेची गोष्ट म्हणून नेहमी सांगितली जाते आणि ती खरीही आहे. पण तिच्यातला शहाणपणाचा भाग सहसा निसटतो. पेटंट घेतलंच नसतं, तर दुसऱ्या कुणीतरी ते आपल्या नावावर करून सगळ्यांची वाट अडवली असती. विद्यापीठाने इन्सुलिन समिती नेमली. तिने इलाय लिली कंपनीला उत्पादनात बरोबर घेतलं, पुढे इतरांना परवाने दिले आणि औषधाच्या दर्जावर लक्ष ठेवलं. पेटंट इथे कुंपण नव्हतं, दर्जाचा लगाम होता. मला या सगळ्या इतिहासातलं हे सर्वात मोलाचं पान वाटतं.

पुढची अमेरिकन पावलं भराभर सांगता येतील. मुडदुसावर उपयोगी ठरलेल्या ड जीवनसत्त्वाच्या शोधातून १९२५मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाचं स्वतंत्र प्रतिष्ठान उभं राहिलं. स्टॅनफर्डने १९७०मध्ये परवान्यांचं कार्यालय काढलं, आणि त्याने हाताळलेल्या जनुक जोडण्याच्या तंत्रातूनच १९८२मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं. १९८०च्या बे-डोल कायद्याने सरकारी पैशातून लागलेल्या शोधाची मालकी विद्यापीठांना ठेवता येऊ लागली, आणि अशी कार्यालयं सगळीकडे दिसू लागली. रुग्णालयंही मागे राहिली नाहीत. जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयाने हदासित ही आपली स्वतःची हस्तांतरण कंपनीच काढली.

आपल्याकडचा धागा मुंबईतून सुरू होतो. १८९६मध्ये प्लेग आला आणि वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या प्रयोगशाळेत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. दोन वर्षांत ते काम परळला गेलं. तेव्हा संशोधन आणि उत्पादन एकाच छपराखाली होतं, त्यामुळे हस्तांतरणाचा प्रश्नच नव्हता. १९७५मध्ये परळच्या या हाफकिन संस्थेचे दोन भाग झाले. संशोधन संस्थेकडे राहिलं आणि लसींचं उत्पादन नव्या सरकारी कंपनीकडे गेलं. दरम्यान १९५४मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. तिथे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पेनिसिलिनचं तंत्र परदेशातून आलं. आपल्याच प्रयोगशाळांतले शोध उद्योगांकडे नेण्यासाठी १९५३च्या अखेरीस दिल्लीत राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ स्थापन झालं होतं. पण एवढ्या मोठ्या देशातल्या एखाद्या जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरला दिल्लीचं ते दार कुठून माहीत असणार?

रुग्णालयाच्या पोटातून शोध बाहेर कसा काढायचा, हे देशाला दाखवलं तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनल संस्थेने. डॉ. एम. एस. वलियाथन हे हृदयशल्यचिकित्सक. झडपा खराब झालेले, बहुतेक गरीब घरांतले रुग्ण समोर यायचे आणि परदेशी कृत्रिम झडप त्यांना परवडायची नाही. त्यांनी रुग्णालयाला जोडूनच जैववैद्यकीय तंत्रज्ञानाचा विभाग उभा केला. झडपेचे पहिले तीन नमुने फसले. प्रत्येक वेळी धातू किंवा तबकडी दगा देई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. चौथा नमुना टिकला आणि ६ डिसेंबर १९९० रोजी तो पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवला गेला. नंतर उत्पादन टीटीके समूहाकडे गेलं आणि ती झडप आजवर लाखाहून अधिक रुग्णांना बसली आहे. याच संस्थेचं रक्ताच्या पिशवीचं तंत्र पेनिन्सुला पॉलिमर्स या केरळच्या कंपनीकडे गेलं आणि काचेच्या बाटल्या मागे पडल्या. शस्त्रक्रियागृह, प्रयोगशाळा आणि करार करणारी माणसं एकाच संस्थेत होती, म्हणून हे जमलं. तक्रार करणारा डॉक्टर आणि दुरुस्ती करणारा अभियंता रोज भेटू शकत होते.

कायद्याची बाजूही पाहायला हवी, कारण डॉक्टरांची गफलत नेमकी इथे होते. १९७०च्या पेटंट कायद्यातल्या कलम ३(आय)नुसार उपचाराच्या, शस्त्रक्रियेच्या किंवा निदानाच्या पद्धतीवर पेटंट मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. टाका घालण्याची नवी रीत साऱ्या डॉक्टरांची असते. पण तो टाका घालायला बनवलेलं नवं उपकरण मात्र पेटंट घेण्याजोगं असू शकतं. दुसरी गोष्ट वेळेची. एखादी कल्पना परिषदेत मांडली किंवा तिचा व्हिडिओ गटागटांत फिरला की तिचं नवेपण संपू शकतं. म्हणून आधी तात्पुरता अर्ज करायचा आणि बारा महिन्यांत पूर्ण तपशील द्यायचा. हे वेळेवर सांगायला शेजारी कुणी नसणं, यातच अनेक चांगल्या कल्पना विरून जातात. सरकारी निधीतल्या शोधांसाठी बे-डोलच्या धर्तीवर २००८मध्ये राज्यसभेत विधेयक आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे नियम ज्या त्या संस्थेचे वेगळे राहिले.

महाराष्ट्रात गेल्या वीस वर्षांत चित्र बदललं, मात्र ते पुणे-मुंबईत. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत २००७मध्ये नवउद्योगांना आधार देणारं व्हेंचर सेंटर सुरू झालं. तिथेच आज टेकएक्स हे विभागीय तंत्रज्ञान हस्तांतरण कार्यालय चालतं. आयआयटी मुंबईत २०१४मध्ये राज्य सरकारच्या पाठबळावर बेटिक हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र निघालं. नागपूरची व्हीएनआयटी आणि पुण्याची सीओईपी या अभियांत्रिकी संस्था त्याला जोडल्या गेल्या. जैवतंत्रज्ञानातल्या नव्या उद्योगांना मदत करणारी केंद्र सरकारची बायरॅक ही संस्था २०१२पासून आहे. तिच्या बिग योजनेतून कल्पनेचा नमुना करून पाहायला ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं.

सोलापूर या नकाशावर कुठे आहे? दोन्ही टोकं इथे आहेत. १९६३पासूनचं वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेलं सिव्हिल आहे. तिथे धाराशिव, लातूरपासून कलबुर्गी, विजयपुरापर्यंतचे रुग्ण येतात. सहकारी तत्त्वावरचं अश्विनी रुग्णालय आहे. दुसऱ्या बाजूला बनवणारे हात आहेत. टॉवेल आणि गणवेश शिवणारं, कापडाची नस ओळखणारं शहर आहे हे. इथे इंजिनातल्या कॅमशाफ्टसारखं बारीक मापाचं धातुकाम होतं आणि औषध उद्योगाला लागणारी अमाईन्स ही रसायनं बनवणारी कंपनीही इथलीच. बौद्धिक संपदेची ओळखही या गावाला जुनी आहे. महाराष्ट्रात सर्वात आधी भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंत सोलापुरी चादर आहे. नसलेली गोष्ट आहे ती मधली.

समजा, सिव्हिलमधल्या एखाद्या सिस्टरला भाजलेल्या रुग्णासाठी जखमेला न चिकटणारं कापडी आवरण सुचलं. कापड इथलंच, शिवणारे इथलेच. पण त्यापुढे असं आवरण जगात आधी कुणी केलंय का, ते शोधावं लागेल. नीतिमत्ता समितीची परवानगी घ्यावी लागेल. २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांत ते अ ते ड यांपैकी कोणत्या वर्गात बसतं, ते ठरवावं लागेल. निर्जंतुकीकरणाच्या चाचण्या होतील, मग उत्पादन परवाना. यातली एकही पायरी सिस्टरने ड्युटी सांभाळून चढावी अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. त्यासाठी आज पुण्याची गाडी धरावी लागते, आणि रजा टाकून अडीचशे किलोमीटर जाणारे थोडेच असतात.

२०२१च्या नोव्हेंबरमध्ये आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि आरोग्य संशोधन विभागाने धोरण आणलं, आणि वैद्यकीय संस्थांमधल्या डॉक्टर-संशोधकांना नोकरीत राहून स्टार्टअप काढण्याची, आपलं तंत्र परवान्याने उद्योगाला देण्याची वाट मोकळी झाली. सरकारी डॉक्टरच्या मनातली भीती यामुळे बरीच कमी व्हायला हवी. मात्र ते धोरण वाचून दाखवणारा, अर्ज भरून घेणारा माणूस जिथे असेल तिथेच ते उतरेल.

शोधक आणि वापरणारा रोज भेटण्याचं उदाहरण सोलापुरातच आहे. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात विकसित झालेलं ‘सोलापूर लाल’ हे वाण २०१७मध्ये आलं. केंद्रातली माणसं बांधावर जातात, बागायतदार तेल्या रोगाने डागाळलेली फळं घेऊन थेट केंद्रात येतात. डाळिंबासाठी संशोधक आणि बागायतदार यांच्यातली ही ये-जा इथे रोजची आहे. सिव्हिलच्या वॉर्डापासून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंतचं अंतर तर त्याहून जास्त नाही. वैद्यकीय महाविद्यालयात एक टेबल, कल्पना नोंदवायची एक वही आणि पुण्याच्या कार्यालयातून महिन्याला एकदा येणारा एक जाणकार, एवढ्यावरही सुरुवात होऊ शकते.