दाण्यातल्या दुधावर टपलेला ढेकण्या

भात निसवलं म्हणजे लोंब्या बाहेर पडल्या, दाण्यात दूध भरू लागलं, की सकाळी खाचराच्या कडेला उभं राहून लोंब्या हलक्या हातानं हलवाव्यात. उग्र वास आला तर ढेकण्या ही भाताचा रस शोषणारी कीड आलीच म्हणून समजा. डिवचल्यावर ढेकण्या शरीरातल्या ग्रंथींमधून हा वास सोडतो.

याच्या प्रजातीचं नाव लेप्टोकोरायझा. दक्षिण आशियापासून ऑस्ट्रेलियापर्यंत तिच्या अनेक जाती आहेत. आपल्याकडे अॅक्युटा आणि ओरॅटोरिया या दोन जाती भातावर येतात. अंग सडपातळ, लांबी साधारण दीड सेंटिमीटर, पाय आणि मिशा लांबलचक. पिल्लं हिरवी असल्यानं पात्यावर पटकन दिसतही नाहीत.

ढेकण्याला चावता येत नाही, फक्त शोषता येतं. दाण्याच्या दोन तुसांमधली फट शोधून तो सोंड आत घालतो, लाळ सोडतो आणि पातळ झालेला ऐवज ओढून घेतो. दूध नुकतंच भरलेलं असेल तर दाणा पोचट राहतो. दाणा थोडा घट्ट झालेला असेल तर तो भरतो खरा, पण तांदळावर डाग पडतात. जखमेतून बुरशी शिरली तर ते आणखी गडद होतात. असा तांदूळ गिरणीत तुटतो.

पण भातातलं हे दूध टिकतं थोडेच दिवस आणि प्रौढ ढेकण्या महिना-दोन महिने, कधी त्याहूनही जास्त जगतो. मग एरवी तो खातो काय? बांधावरचं गवत! पावसाळा लागला की रानगवतांवर त्याची एखाद-दुसरी पिढी वाढते आणि भात फुलोऱ्यात आलं की ती शेतात उतरते. भात हेही गवतच. त्याच्या दृष्टीनं फक्त जास्त दाट आणि जास्त रसाळ. म्हणूनच शिवारात सगळ्यांच्या आधी निसवणारं हळवं भात किंवा सगळ्यांत मागं राहिलेलं गरवं भात जास्त मार खातं: आजूबाजूचे सगळे ढेकणे तिथंच गोळा होतात. एकट्यानं फवारून भागत नाही ते यामुळेच. निसवण्याआधी बांधावरचं गवत बेणणं आणि शेजाऱ्यांशी जुळवून लावणी करणं माझ्या मते जास्त शहाणपणाचं.

सडका वासही त्याला ओढतो. मेलेला खेकडा किंवा गोगलगाय काठीला टांगून त्यावर जमलेले ढेकणे मारण्याची जुनी रीत याच सवयीवर उभी आहे. फवारायची वेळ आलीच तर सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात. भर दुपारी तो लोंबी सोडून खाली रोपांच्या बुडाशी बसलेला असतो.