शरद, सुगी आणि तिकडची पानगळ

दहिवडीची माझी भाची कराडला इंजिनिअरिंग करून २०२४च्या सप्टेंबरअखेर पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीतल्या म्युनिकला गेली. तीनेक आठवड्यांनी तिचा फोन आला, "मावशी, इथली झाडं बघवत नाहीत गं. दुष्काळ पडल्यासारखी दिसायला लागलीत." माण तालुक्यात वाढलेली पोर. झाड ओकंबोकं झालं की विहिरीनं तळ गाठलेला असतो, टँकर आणि चारा छावणीची बोलणी सुरू झालेली असतात, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. आणि तिथं आदल्या रात्रीच पाऊस पडून गेला होता. ओल्या जमिनीवर झाड पानं का टाकतंय, हे तिला उमगेना.

तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना एक गोष्ट ध्यानात आली. शब्दकोश तिकडच्या ज्या पानगळीच्या ऋतूला, म्हणजे 'ऑटम'ला, 'शरद' म्हणून मोकळा होतो, तो आपला शरद नाही. आपला शरद आश्विन-कार्तिकातला. पावसानं धुतलेलं आभाळ, कोजागरीचं चांदणं आणि आटवलेलं दूध, कासच्या पठारावरची शेवटची फुलं. हस्त नक्षत्र लागलं की मुली पाटावर हत्ती काढून हादगा खेळतात. माण-खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्याला तर परतीचा पाऊस याच दिवसांत मिळतो आणि त्याच्या ओलीवर रब्बीची ज्वारी पेरली जाते. आमच्याकडे शरद म्हणजे जमीन पुन्हा हिरवी होण्याचे दिवस. पानगळ येते ती पुढे शिशिरात, माघ-फाल्गुनात.

कारणंही वेगळी आहेत. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचे साग, पळस, सावर पानं टाकतात ती पाणी वाचवण्यासाठी, कारण पानांतून पाणी उडून जातं आणि जमिनीत ते उरलेलं नसतं. म्युनिकच्या झाडाला पाण्याची ददात नाही. त्याचा उजेड आणि ऊब संपत चाललेली असते. सातारा साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्युनिक ४८ अंशांवर. आपला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा असतो, तिथला सव्वाआठ तासांच्या आसपास. ऑक्टोबरात साताऱ्याचा दिवस रोज मिनिटभरही आखडत नाही, म्युनिकचा तीन-साडेतीन मिनिटांनी आखडतो. ते ओळखून झाड पानांतलं हरितद्रव्य मोडतं, त्यातला नत्र वगैरे फांद्यांत ओढून घेतं आणि देठाशी गाठ बांधून पान सोडून देतं. हिरवा रंग गेल्यावर दिसणारा पिवळा पानात आधीपासूनच असतो. लाल मात्र बऱ्याच झाडांत त्याच दिवसांत नव्यानं तयार होतो. म्हणजे ते झाड वाळत नसतं, घर आवरत असतं. हे सांगितल्यावर पोरीचा जीव जरा भांड्यात पडला.

जर्मन भाषेत या ऋतूला 'हर्ब्स्ट' म्हणतात. इंग्रजीतला 'हार्वेस्ट' त्याचाच सख्खा भाऊ. मूळ अर्थ कापणी. इंग्रजीतही पूर्वी 'हार्वेस्ट' हे ऋतूचंच नाव होतं, पुढे 'ऑटम'नं त्याची जागा घेतली. तेव्हा 'हर्ब्स्ट'ला सातारा-सांगलीतला खरा शब्द द्यायचा तर मी 'सुगी' देईन. दोन्ही शब्द पीक घरी येण्याच्या दिवसांचे, माणसाच्या हाताला उसंत नसण्याचे. नैर्ऋत्य जर्मनीत तर द्राक्षं उतरवण्यालाही 'हर्ब्स्ट'च म्हणतात. आता गंमत पाहा, ज्या आठवड्यांत तिकडे द्राक्षांचे घड कापले जातात, त्याच आठवड्यांत आपल्या तासगाव-पलूसच्या बागांत फळछाटणी, म्हणजे ऑक्टोबर छाटणी, चाललेली असते. वेल तोच. त्यांचा हंगाम संपत असतो, आपला तिथून सुरू होतो आणि द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये हाती येतात.

हे कळलं की तिकडच्या शरदातल्या सुट्ट्यांचं मूळही सापडतं. जर्मनीत शाळांना या दिवसांत जी सुट्टी असते तिला जुनी माणसं 'कार्टोफेलफेरिएन' म्हणायची, म्हणजे बटाट्याची सुट्टी. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. सोळाव्या शतकात तो युरोपात आला, पण शेतकरी त्याला सहजी हात लावेनात. प्रशिया या त्या वेळच्या जर्मन राज्याचा राजा दुसरा फ्रेडरिक यानं १७५६ साली बटाटा लावण्याचा हुकूमच काढला. पुढे तो गरिबाचं मुख्य अन्न झाला. बटाटा थंडीनं जमीन गोठण्याआधी काढावा लागतो आणि वाकून वेचायला पुष्कळ हात लागतात. पोरं शेतात, मग शाळेत कोण येणार? म्हणून सुट्टी. स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबरच्या सुट्टीला अजून 'टॅटी हॉलिडेज' म्हणतात, टॅटी म्हणजे बटाटा. डेन्मार्कमध्येही हीच कथा. काढणीची यंत्रं आली, पोरांचे हात सुटले, सुट्टी मात्र राहिली.

आमच्या पिढीची दिवाळीची सुट्टी आठवा. सहामाही संपली की दप्तर खुंटीला आणि पोरं भुईमुगाच्या रानात. उपटलेल्या वेलांच्या ढिगापाशी बसून शेंगा तोडायच्या, संध्याकाळी ठरलेला वाटा फडक्यात बांधून आणायचा. नखांत माती आणि हिरव्या शेंगांचा वास आंघोळीनंही जात नसे. स्कॉटलंडच्या म्हाताऱ्यांना बटाट्याच्या सरींची हीच आठवण असणार, असं मला मनापासून वाटतं. आता भुईमुगाच्या रानात सोयाबीन आलंय आणि मळणी यंत्रावर होते.

भाची गेली त्या वर्षी दोन्हीकडच्या तिथी-तारखांची विलक्षण गाठ पडली. घटस्थापना ३ ऑक्टोबरला होती आणि तो जर्मनीच्या एकीकरणाचा दिवस. १९९० साली याच तारखेला दोन्ही जर्मनी एक झाले. देशभर सुट्टी, दुकानं बंद. भाचीला परडी मिळेना, माती मिळेना. शेवटी वसतिगृहातल्या कुंडीतली माती तिनं वाडग्यात घेतली आणि आईनं पुडीत बांधून दिलेले गहू पेरले. त्याच सुमारास, बहुधा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, तिकडच्या चर्चमध्ये वेदीपुढे धान्य, भोपळे, सफरचंदं मांडून पिकाचे आभार मानतात. ती ते बघून आली आणि म्हणाली, "आपल्या घटासारखंच वाटलं."

लक्ष्मीपूजन आलं १ नोव्हेंबरला. त्या दिवशी बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथं, सर्व संतांच्या स्मरणाची सुट्टी असते. नवव्या शतकात पश्चिम युरोपातल्या फ्रँक साम्राज्यात ही तारीख पक्की झाली. दुसरा दिवस सगळ्या मृतांचा. अकराव्या शतकाच्या उंबरठ्यावर फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठातून ती प्रथा पसरली. लोक कबरींवर दिवे लावतात. आपला पितृपंधरवडाही याच्या महिनाभर आधीचा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिनं खोलीत पणत्या लावल्या आणि गावात कबरस्तानभर दिवे होते. घरी फोन करताना मात्र तिचा गळा दाटून आला.

फोनची वेळही तोवर बदललेली होती. उन्हाळ्यासाठी तासभर पुढे केलेली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथं पुन्हा मागं घेतात. १९१६ साली पहिल्या महायुद्धात इंधन वाचवण्यासाठी जर्मनीनं ही पद्धत प्रथम देशभर लागू केली. साताऱ्याशी असलेलं साडेतीन तासांचं अंतर एका रात्रीत साडेचार होतं. माझी आई नेहमीच्या वेळी फोनपाशी बसून राहिली आणि काळजीत पडली.

घर सोडून दुसऱ्या मुलखाचे ऋतू अंगावर घेणं आमच्या दुष्काळी भागाला नवं नाही. खानापूर-आटपाडीची गलाई करणारी माणसं सोनं-चांदी शुद्ध करायला देशभर पांगली. पण ती सणाला, जत्रेला गावी येतात. हिला तेवढं शक्य नव्हतं.

११ नोव्हेंबर हा तिकडे संत मार्टिनचा दिवस. पूर्वी शेतीचं वर्ष त्या दिवशी संपायचं, जमिनीचा खंड भरला जायचा, गडीमाणसांचे करार बदलायचे. आपल्याकडे सालगड्याचं साल गुढीपाडव्याला बदलतं तसं. आता लहान मुलं कागदाचे कंदील काठीला लावून संध्याकाळी गाणी म्हणत फिरतात. भाचीच्या खिडकीत आकाशकंदील होताच, त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवायचा म्हणून. खालून मुलांची रांग चालली होती. एक लहान मुलगी थांबली, वर बघितलं आणि आपला कंदील हलवून दाखवला. हिनं खोलीतला दिवा मालवला, म्हणजे आकाशकंदील तिला नीट दिसावा.