नकाशात होतं, जमिनीवर नव्हतं

१७८३ साली पॅरिसमध्ये अमेरिका आणि ब्रिटनची सरहद्द ठरली ती जॉन मिचेलच्या १७५५च्या नकाशावर. लेक सुपीरियरच्या पश्चिमेला त्यावर ‘लाँग लेक’ नावाचं सरोवर होतं आणि तहात सीमा त्याच्यामधूनच नेली. जागेवर तसं सरोवरच नव्हतं!

होती ती असंख्य लहानमोठी तळी. हिमयुगातल्या बर्फाने इथला अतिप्राचीन कठीण खडक खरवडून काढला आणि बर्फ वितळल्यावर खळग्यांत पाणी साचलं. एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर होडी खांद्यावर घेऊन मधली जमीन पार करायची. ही वाट म्हणजे ‘पोर्टेज’. इथले आदिवासी ओजिब्वे लोक आणि त्यांच्यामागून आलेले फरचे व्यापारी याच वाटांनी ये-जा करत. १८४२च्या तहाने सीमा शेवटी पिजन नदीपासून या जलमार्गानेच नेली आणि नेहमीच्या पोर्टेज दोन्ही देशांच्या लोकांना खुल्या ठेवल्या. नकाशाने घातलेला घोळ पायवाटांनी सोडवला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मिनेसोटातला हा भाग आज ‘बाउंडरी वॉटर्स’ म्हणून राखीव आहे. दहा लाख एकरांहून मोठं रान, त्यात हजाराहून जास्त तळी. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने, म्हणजे यूएसजीएसने, आपले जुने नकाशे स्कॅन करून सर्वांना मोफत दिले आहेत, त्यांत इथलेही आहेत. सह्याद्रीत टोपोशीट, म्हणजे चढउतार दाखवणारा नकाशा, घेऊन भटकणाऱ्याला ते लगेच कळतील: सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी समोच्च रेषा, निळं पाणी, हिरवं जंगल. १:२४,००० प्रमाणावर कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे २४० मीटर. पोर्टेजची लांबी मात्र इथले लोक अजून ‘रॉड’मध्ये सांगतात. एक रॉड साडेसोळा फुटांचा, साधारण एका कनूएवढा, म्हणजे इथल्या वल्ह्याच्या होडीएवढा.

मी मात्र आधी छोटे काळे चौकोन शोधतो. ती घरं. इथल्या बासवूड सरोवराच्या काठी एके काळी रिसॉर्ट होती. १९४८च्या कायद्याने सरकारला अशा खासगी जागा विकत घेता येऊ लागल्या आणि पुढे ती बांधकामं हटली. आज निर्मनुष्य दिसणाऱ्या किनाऱ्यावर कोण राहून गेलं, हे बघायला जुनीच आवृत्ती उघडावी लागते.

काही आवृत्त्यांत जांभळी शाई दिसते. त्या विमानातून घेतलेल्या फोटोंवरून केलेल्या दुरुस्त्या. जागेवर जाऊन तपासलेल्या नाहीत, असं समासात स्पष्ट छापलेलं असतं. त्याच समासात खऱ्या उत्तरेपासून चुंबकीय उत्तरेचा कोनही असतो, पण तो त्या काळचा. दरम्यान चुंबकीय उत्तर सरकली आहे, तेव्हा होकायंत्र लावताना आजचाच कोन घ्यावा.