कुंडाचा काठ क्रॉमवेलच्या सैनिकांनी फोडला का? खुलासा

इंग्लंडमधल्या गावोगावच्या जुन्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाचा काठ फुटलेला दिसला, की ‘हे क्रॉमवेलच्या सैनिकांचं काम’ असं हमखास सांगितलं जातं. (ऑलिव्हर क्रॉमवेल हा सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धातला प्युरिटन सेनानी; चर्चमधल्या मूर्ती फोडल्याचा ठपका त्याच्या सैनिकांवर ठेवला जातो.) बहुतेक वेळा खरं कारण कुलूप असतं.

पवित्र केलेलं पाणी कुंडातच साठवून ठेवत. ते चोरून कुणी जादूटोण्याला वापरेल, ही भीती होती. म्हणून १२३६ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी कुंडं झाकून कुलूपबंद ठेवायचा आदेश दिला. काठावर समोरासमोर दोन भोकं पाडून, वितळलेलं शिसं ओतून लोखंडी कड्या बसवत. लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड तडकतो. पुढे कुलपाची गरज संपली, कड्या उपटल्या, तेव्हा काठाचा टवकाही सोबत निघाला.

म्हणून आधी फुटलेली जागा नीट पाहा. समोरासमोर दोनच ठिकाणी टवके, भोकात शिसं, भोवती गंजाचे डाग किंवा नंतर बसवलेला दगडाचा तुकडा, ही कुलपाची खूण. मूर्तिभंजकांचे घाव बहुधा कुंडाच्या अंगावर कोरलेल्या चेहऱ्यांवर असतात. आणि त्यांनीही सगळंच फोडलं नाही: सफक परगण्यातल्या उफर्ड गावच्या कुंडावरचं उंच कोरीव लाकडी झाकण १६४४ मध्ये चर्चमधल्या मूर्ती फोडायला संसदेच्या बाजूने नेमलेल्या विल्यम डाउझिंगने पाहिलं, रोजनिशीत नोंदवलं, तरी ते आजही तिथेच आहे.